चढावर खडखडणारी गाडी

पोशेऱ्यासारख्या गावात गाडीचा आवाज लवकर कळतो. एक तर रहदारी कमी, त्यामुळे काच खाली असली की गाडीचं सगळं ऐकू येतं. दुसरं म्हणजे मोखाडा तालुक्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. चढ आला, पाय दाबला, इंजिनवर ओझं पडलं, की गाडीत जे काही ढिलं आहे ते बोलायला लागतं. मुंबईच्या सिग्नलमागून सिग्नल अशा रस्त्यावर वर्षभर लपलेली खडखड इकडे दुसऱ्याच वळणावर उघडी पडते.

माझी पडली ती एका पावसाळ्याच्या शेवटी. दहा वर्षं वापरलेली छोटी पेट्रोल गाडी. विक्रमगड मागे टाकून जव्हारचा चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली आणि पायाखालून, पत्र्याच्या डब्यात कोणी सुपाऱ्या हलवाव्यात, तसा आवाज आला. पाय काढला, बंद. दाबला, पुन्हा सुरू. शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, ‘इंजिन खोलावं लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच बाहेर काढली. पुढे मोखाड्यातल्या एका मिस्त्रीने जमिनीवर पोतं अंथरलं, गाडीखाली शिरला आणि सायलेन्सरच्या पाइपावर बसवलेल्या पातळ पत्र्याला पान्याने टिचकी मारली. तोच आवाज. पत्र्याचा एक बोल्ट गंजून गळून पडला होता. मिस्त्रीने पत्र्याला वेढा घालून एक मोठी जुबली क्लिप आवळली. काम पंधरा मिनिटांत आटोपलं.

शहरातल्या माणसाला नावं ठेवणं सोपं आहे, पण चूक माझीही होती. मी त्याला ‘आवाज येतो’ एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरकडे जाऊन ‘दुखतंय’ म्हणावं आणि कुठे, कधी ते सांगू नये, तसं झालं. आपल्या भाषेत आवाजांना केवढी नावं आहेत! खडखड वेगळी, खणखण वेगळी. टकटक, कटकट, घरघर, खरखर, तडतड, किणकिण यांपैकी कुठलाही एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. नेमका शब्द वापरला, तर मिस्त्रीचं निम्मं काम गाडीला हात लावण्याआधीच होतं. खडखड ऐकली की तो पत्रा शोधेल. कटकट म्हटलंत तर चाकाकडे जाणारे जॉइंट बघेल. घरघर म्हटलंत तर बेअरिंग, आणि आतून येणारी जड टकटक म्हटलंत तर आधी तेलाची काडी ओढेल.

आवाज कुठून येतो हे शोधायच्या आधी तो कधी येतो हे पाहावं. जागेच्या बाबतीत कान सहज फसतो. लोखंडातून आवाज पळतो, पुढचा मागे ऐकू येतो, उजवीकडचा डावीकडे. वेळ मात्र फसवत नाही.

पहिली परीक्षा उभ्या गाडीवर करावी. गाडी मोकळ्यावर, सपाट जागी लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी गुंगतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, चाकांना दगड लावा. आता एका माणसाने आत बसून हळूहळू रेस वाढवायची आणि दुसऱ्याने गाडीभोवती फिरत ऐकायचं. रेस एकदम देऊ नका. हजार, दीड हजार, दोन हजार, अडीच हजार असा काटा सावकाश चढवा. ढिला पत्रा किंवा सैल क्लॅम्प साधारणपणे एखाद्या ठरावीक आकड्यालाच थरथरतो; त्याच्या खाली गप्प, वर गेलात तरी गप्प. माझ्या गाडीचा आकडा एकवीसशेच्या आसपास होता. असा आकडा सापडला, तर बहुतेक वेळा काम स्वस्तातलं निघतं.

उभ्या गाडीत काहीच ऐकू आलं नाही आणि चालत्या गाडीत, ओझं पडल्यावरच आलं, तर संशय दुसरीकडे वळतो: नॉकिंग, इंजिनचं फाउंडेशन, शाफ्टचे जॉइंट. वळताना वाढतो का, तेही बघा. खड्ड्यात आदळल्यावर येणारी आणि रेसशी संबंध नसलेली खडखड सस्पेन्शनची, म्हणजे बुश, लिंक रॉड वगैरेंची. ती इथे बाजूला ठेवू. आवाज सकाळी थंड इंजिनला येतो आणि दहा मिनिटांनी जातो, की उलट गरम झाल्यावरच सुरू होतो, याचीही नोंद ठेवा. पावसाळ्यात कच्च्या रस्त्याने आलात आणि चाकातून सतत खरखर लागली, तर घाबरू नका. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात बारीक खडा अडकतो. थोडं मागे-पुढे केलं की कित्येकदा तो आपोआप पडतो.

आणि हो, सगळ्यांत आधी डिकी रिकामी करा. जॅक, टामी, चाकाचा पाना, सैल बसलेली स्टेपनी, सीटखाली घरंगळलेली स्टीलची बाटली, नंबरप्लेटचा ढिला स्क्रू. हसू येईल, पण बाटलीसाठी डॅशबोर्ड उघडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता त्या पत्र्याबद्दल थोडं सविस्तर. इंजिनमधून निघणारा धूर फार गरम असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजात नुसतं ‘कॅट’ म्हणतात, चांगला तापल्याशिवाय काम करत नाही; चारशे अंशांच्या वर जाणं ही त्याची रोजची गोष्ट. ही उष्णता वरच्या फरशीला, वायरींना, रबरी नळ्यांना लागू नये म्हणून पाइपाभोवती पातळ पत्रे बसवतात. हीट शील्ड म्हणतात ते हेच. पत्रा पातळ, बोल्ट बारीक, तापणं आणि थंड होणं रोजचं, त्यात वरून पावसाचं पाणी आणि चिखल. आपल्याकडे पावसाळा चार महिने गाडीच्या पोटाला ओलं ठेवतो. बोल्टभोवतीचं भोक गंजून मोठं होतं आणि पत्रा पाइपावर वाजायला लागतो.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त गाडी पूर्ण थंड हवी. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बघणं उत्तम. हातात जाड हातमोजा घालून पत्रा हलवून बघा, किंवा लाकडाच्या दांड्याने हलकेच ठोका. ओळखीची खडखड आली की सापडलं. बोल्ट शाबूत असेल तर दहाच्या पान्याने आवळा आणि खाली मोठा वायसर घाला. भोक खाऊन गेलं असेल तर पत्रा पाइपाला धरून ठेवणारी जुबली क्लिप लावा. एक नाही पुरली तर दोन जोडून लांब करता येतात. क्लिप लोखंडी पट्टीचीच हवी. प्लास्टिकचा टाय लावलात तर पहिल्याच चढावर वितळून पडेल. कोणी सांगतं, ‘काढूनच टाका ना तो पत्रा, कटकट नको.’ हे ऐकू नका. दिवाळीनंतर इकडचे माळ वाळतात, आणि रस्त्याकडेच्या वाळल्या गवतावर उभी केलेली तापलेली गाडी आग लावू शकते. पत्रे ते टाळायला मदत करतात. पत्रा असला तरी अशा गवतावर गाडी उभी करू नयेच.

पत्रा घट्ट निघाला तर त्याच पाइपावरून हात मागे न्या. सायलेन्सर रबराच्या कड्यांवर टांगलेला असतो. एक कडं तुटलं की तो खाली लोंबतो आणि रेस दिल्यावर फरशीला धडकतो. हा आवाज पत्र्याच्या खडखडीपेक्षा जाड, धडधडीच्या जवळचा. कडी स्वस्त असतात, एक तुटलं असेल तर सगळी बदलून टाका, उरलेलीही त्याच वयाची असतात. सायलेन्सरच्या आतली जाळी सुटली असेल तर मुठीने ठोकल्यावर आत काहीतरी घरंगळल्यासारखं वाजतं. कॅटचंही तसंच. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते. खालून दगड लागला, किंवा तापलेल्या कॅटवर एकदम थंड पाणी आलं, तर ती तडकू शकते. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. (मुळात त्या पाण्यात गाडी घालू नये, कॅट हा तिथला सगळ्यांत छोटा धोका आहे.) तडकलेली जाळी पुढे पाइप अडवते, गाडी चढ घेईनाशी होते, आणि कॅट महाग असतो. रस्त्यावरच्या वेल्डरकडून तो कापून सरळ पाइप जोडून घेण्याचा मोह होईल. तसं करणं प्रदूषणाच्या नियमात बसत नाही आणि नव्या गाड्यांत इंजिनचा दिवाही पेटून बसतो.

पत्र्याशी काहीही संबंध नसलेली एक खडखड आहे, आणि घाटात ती सगळ्यांत जास्त ऐकू येते. कढईत वरई भाजताना ती तडतडते, किंवा पत्र्यावर मूठभर बारीक खडी टाकावी, तसा बारीक, धातूसारखा आवाज. चौथ्या गिअरमध्ये चढ चढताय, वेग पडत चाललाय, तुम्ही पाय आणखी दाबताय आणि तडतड वाढतेय. हे नॉकिंग. प्लगने ठिणगी टाकली की सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नीट जळत जायला हवं. इंजिनवर ओझं जास्त, फेरे कमी आणि उष्णता वाढलेली असली, की उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधी स्वतःच भडकतं. त्या धक्क्याचा हा आवाज. गिअर खाली घ्या. दहापैकी सात वेळा एवढ्यानेच तो थांबतो, निदान माझा तरी अनुभव तोच आहे. जव्हारकडून चढताना किंवा त्र्यंबकच्या बाजूच्या तोरंगण घाटात पेट्रोल वाचवायला चौथ्या गिअरला चिकटून राहणारे खूप जण दिसतात. त्यात पेट्रोल वाचत नाही आणि पिस्टन मार खातो.

गिअर खाली घेऊनही तडतड राहिली तर पेट्रोलकडे बघा. पंप लांब असला की दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घ्यायची वेळ येते. त्यात रॉकेल मिसळलेलं असेल, तर ऑक्टेन उतरतं आणि नॉकिंग वाढतं. इथेनॉलमुळे गाडी खडखडते अशी तक्रार हल्ली ऐकू येते. ऑक्टेनच्या हिशोबाने हे उलटं आहे: इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतं, २० टक्के मिश्रणाने नॉकिंग कमी व्हायला हवं. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि घटलेलं ॲव्हरेज हा वेगळा प्रश्न आहे, तो या आवाजाशी जोडू नये. याच नॉकिंगने शंभर वर्षांपूर्वी जगाला एका भलत्या वाटेला लावलं होतं. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये घातलं की तडतड थांबते असं आढळलं, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या शिसं ओकत राहिल्या. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं.

पेट्रोल चांगलं आहे, गिअर बरोबर आहे, तरी तडतडतेच, तर पाण्याचं तापमान, कूलंट, प्लग आणि सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन या क्रमाने मिस्त्रीकडून बघून घ्या. बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. तो ठिणगी थोडी उशिरा पाडून आवाज दाबतो, पण मग पिकअप मरतो. नवी गाडी चढावर एकाएकी मरगळली असेल, तर आवाज नसतानाही हा संशय घ्यावा.

जीप, पिकअप किंवा मागच्या चाकांना ताकद देणारी कुठलीही गाडी असेल, तर गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सेलपर्यंत एक लांब शाफ्ट जातो आणि त्याच्या टोकांना क्रॉस असतात. इकडच्या माणसांनी भरलेल्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या ऐका: गिअर टाकून क्लच सोडला की ‘टण्’, आणि वेग घेताना खालून खणखण. क्रॉस झिजला की असंच होतं. गाडी बंद करून, चाकांना दगड लावून, शाफ्ट हाताने धरून उलटसुलट फिरवा. हिसका लागला तर क्रॉस गेला. ग्रीसचं निपल असेल तर ग्रीस वेळच्या वेळी मारा. निपलच नसेल तर बदलणं हाच उपाय. हे पुढे ढकलू नका, चालत्या गाडीचा शाफ्ट तुटून खाली पडला तर गाडी हातात राहत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांमध्ये क्रॉसच्या जागी चाकाजवळचे जॉइंट असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू रेस दिली की कटकट-कटकट ऐकू येते. रबरी बूट फाटला, आतलं ग्रीस गेलं आणि चिखल शिरला की जॉइंटचे दिवस भरतात. बूट फाटल्याबरोबर बदलला, तर जॉइंट वाचतो.

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्या रबरी उशांवर बसवलेलं असतं त्या. त्या बसल्या की पाय दाबल्यावर इंजिन एका बाजूला कलतं आणि पाइप, पंखा, काहीही कशालाही टेकून वाजतं. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून इंजिन किती उचकतं ते बघायचं. समोर कोणीही उभं राहता कामा नये. हे मी दोनदा सांगतो: गाडीसमोर कोणी नको.

उरला तो एकच आवाज, ज्यासाठी गाडी जागेवर उभी करायची. इंजिनच्या खालच्या भागातून येणारी जड, खोल टकटक, हातोडीने लाकूड ठोकावं तशी, जी रेसबरोबर जलद होते. तेलाचा दिवा पेटला असेल तर क्षणभरही थांबू नका, इंजिन बंद करा. सपाटीवर दहा मिनिटं थांबून तेलाची काडी ओढा, पुसा, पुन्हा घाला, ओढा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर योग्य ग्रेडचं तेल घाला. घातल्यावर दिवा विझला आणि टकटक थांबली, तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जा. थांबली नाही, तर क्रँकच्या बेअरिंगवर संशय आहे. गाडी ओढून न्या. जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर आहे. ‘नाशिकला जाऊन दाखवू’ म्हणत त्या टकटकीवर गाडी पळवणाऱ्याचा खर्च वाटेतच कित्येक पट होतो. डिझेलवाल्यांना थंड इंजिनची थोडी टकटक ही सवयीची गोष्ट. ती गरम झाल्यावरही तशीच राहिली किंवा एकाएकी वाढली, तरच काळजी करा.

गाडीखाली जाताना दोन गोष्टींत तडजोड नको. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. खालून बघायचंच असेल तर गाडीखाली स्टँड लावा, नाहीतर खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजात जा. आणि उतारावर लावलेल्या गाडीखाली तर डोकंसुद्धा घालू नका.

गॅरेजात जाण्याआधी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि एका कागदावर चार ओळी लिहा: आवाज कसला, किती फेऱ्यांवर, थंड की गरम, उभ्या गाडीत येतो की फक्त चढावर. मिस्त्रीला गाडीत शेजारी बसवून एक चढ चढवून दाखवता आला तर उत्तम. आमच्याकडे चढ शोधायला लांब जावं लागत नाही, एवढा तरी फायदा घ्यावा. इंजिन खोलायचं म्हणत असेल तर त्याला विचारा, ‘खालचे पत्रे ठोकून बघितले का?’ रागावणार नाही, आणि रागावला तर दुसरा मिस्त्री बघा.

मी डिकीत आता दोन जुबली क्लिपा, थोडी तार, दहा आणि बाराचा पाना आणि एक जुनं पोतं ठेवतो. मोखाड्याच्या मिस्त्रीने लावलेली ती पहिली क्लिप अजून गाडीला आहे. दर दसऱ्याला ती पाऊण आटा आवळावी लागते.